बोनियातो बेकरीच्या पुढे जात नाही

बोनियातो ग्रिसेलला चावला तो बुधवारी, संध्याकाळी साडेसातला, आणि चूक तिची होती. यातली दुसरी गोष्ट स्वतःशी कबूल करायला तिला पुढे अकरा दिवस लागले.

बोनियातो म्हणजे रताळं; कुत्रा त्याच रंगाचा म्हणून हे नाव. सात वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना, मिल्टनना, तो ढोल बनवायच्या खोलीमागे फळांच्या खोक्यात सापडला. डोळे नुकते उघडलेले होते. पहिला हिवाळा त्याने ढोल तापवायच्या शेकोटीशेजारी काढला. दर बुधवारी आणि रविवारी ढोलांच्या ताफ्यातले चाळीस वादक कोपऱ्यावर जमायचे, खोकी आणि वर्तमानपत्रं पेटवून ढोलांची कातडी शेकायचे, आणि त्या सगळ्या धडधडाटात हा पोट वर करून झोपलेला असायचा. ताफा निघाला की उठायचा, आळस द्यायचा आणि रांगेच्या शेवटी, पगारी नोकर असल्यासारखा, समुद्रापर्यंत चालत जायचा.

तोच बोनियातो दीड महिन्यापासून अंधार पडला की बेकरीच्या दारात थांबायचा. पुढे कोपरा तीस पावलांवर. तो खाली बसायचा, कान मागे टाकायचा आणि पुढचे पंजे एकामागून एक चाटत राहायचा. सकाळी त्याच फुटपाथवरून तो शेपूट हलवत जायचा, हे तिने पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण त्यावर विचार केला नव्हता.

"लाड करू नकोस त्याचे," मिल्टन म्हणाले होते. "वय झालं की माणसं नखरे करतात, कुत्री पण करतात. ओढ त्याला. दोनदा ओढलास की तिसऱ्यांदा आपण होऊन येईल."

म्हणून त्या बुधवारी ती ढोल घेऊन रांगेत गेली नाही; ताफा निघून गेल्यावर तिने साखळी मनगटाला दोन वेढे घेऊन गुंडाळली आणि ओढलं. बोनियातोची नखं फरशीवर खरवडत आली. कोपऱ्यावर, नव्या इमारतीच्या दारासमोर, विझवलेल्या शेकोटीचं पाणी पसरलं होतं. तिथे पोचताच त्याने असा आवाज काढला की समोरच्या बाल्कनीतला दिवा लागला. मग त्याने तिच्या मनगटात दात रुतवले. सोडले. आणि तिच्याकडे असं बघितलं, की चावली तीच होती जणू.

इमारतीच्या दारात एचेनिके वकीलबाई उभ्या होत्या, काखेत त्यांची छोटी राखाडी कुत्री, लोला. लोला थरथरत होती.

"बघा," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या स्वतःच्या कुत्र्याला सुद्धा सहन होत नाही."

ग्रिसेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मनगटातून रक्त येत होतं. तिने ते दुसऱ्या हाताने दाबलं आणि बोनियातोला घेऊन घराकडे वळली.

---

वकीलबाईंचा अर्ज महिनाभरापूर्वीच वस्तीच्या समितीकडे गेला होता. इमारतीतल्या चौदा कुत्र्यांपैकी नऊ कुत्री रात्री फिरायला घाबरतात. ढोलांच्या संध्याकाळी हा त्रास सर्वाधिक असतो. सबब ताफ्याला त्या कोपऱ्यावर जमण्यास आणि शेकोटी पेटवण्यास मनाई करावी. सोबत तारखांचा तक्ता. तक्ता व्यवस्थित होता, आणि ग्रिसेलला तीच गोष्ट खुपत होती. तिने तो ताफ्याच्या दिवसांशी ताडून बघितला. बावीसपैकी एकोणीस नोंदी बुधवार-रविवारच्या होत्या. चावल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी अर्जाला पुरवणी जोडली गेली: वादकांपैकीच एकीचा पाळीव कुत्रा ढोलांमुळे पिसाळल्यासारखा होऊन मालकिणीला चावला.

सुनावणी त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी पाच वाजता होती. समितीने अर्ज मानला तर एक्कावन्न वर्षांचा कोपरा जाणार होता.

तो कोपरा म्हणजे काय हे बारिओ सूर या वस्तीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. आता जिथे काचेच्या बाल्कन्यांची नऊ मजली इमारत आहे तिथे आधी चाळ होती, त्या चाळीत मिल्टन जन्मले. चाळ रिकामी करून घेतली तेव्हा माणसं शहराच्या कडेला फेकली गेली. पण बुधवार-रविवारी दोन-दोन बस बदलून, खांद्यावर ढोल घेऊन, ती त्याच कोपऱ्यावर परत येत राहिली. घर गेलं होतं, तेवढा फुटपाथ उरला होता.

"मला तुमच्या संस्कृतीबद्दल अतिशय आदर आहे," असं वकीलबाई मिल्टनना म्हणाल्या होत्या.

"आदर असलेल्या माणसांनी आजवर आमच्याकडे एकच गोष्ट मागितलीय," मिल्टन म्हणाले होते. "तुम्ही जरा तिकडे सरका."

---

चावल्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारपासून पाऊस होता. ढोल बुधवारनंतर वाजले नव्हते. सहाला अंधार पडला. ग्रिसेल बोनियातोला घेऊन बाहेर पडली. मनगटाला पट्टी होती आणि साखळी सैल सोडलेली होती. ओढायचं धाडस आता तिच्यात नव्हतं. बेकरीपाशी तो थांबला. तीही थांबली. आतून गरम पावाचा वास येत होता आणि तिला नुसतं उभं राहायचा कंटाळा आला होता, म्हणून ती समोर बघत राहिली.

इमारतीचं दार उघडलं. वकीलबाई छत्री घेऊन आल्या, लोला साखळीला. उजव्या हाताच्या लोखंडी दिव्यापाशी लोलाने शिंकल्यासारखं केलं, चारही पाय एकदम उचलले आणि किंकाळी फोडली.

तोच आवाज होता. बोनियातोचाच, फक्त बारीक.

"ऐकलंत?" वकीलबाई तिथूनच ओरडल्या. "तुमचे ढोल हिच्या डोक्यातून जात नाहीत! दोन दिवसांनी सुद्धा!"

ग्रिसेल उत्तर द्यायला तोंड उघडणार होती. तिने ते मिटलं. ढोल नव्हते. अंधार होता, ओल होती, आणि जागा तीच होती. तिने बोनियातोकडे पाहिलं. तो पंजे चाटत होता. कान नव्हे, पंजे. दीड महिना तो तिला हेच सांगत होता, आणि तिला वाटत होतं की त्याला सवय लागलीय.

घाबरणं एप्रिलच्या शेवटी सुरू झालं होतं. ढोल एक्कावन्न वर्षांचे. मग एप्रिलमध्ये नवीन काय आलं?

नवीन दोन दिवे आले होते. पर्यटन सप्ताह संपल्यावर इमारतीने दाराच्या दोन्ही बाजूंना फुटपाथवर काळे लोखंडी खांब लावले होते. जुन्या काळाची शोभा म्हणून. अंधार पडला की आपोआप लागणारे.

ग्रिसेल पावसात उभी होती आणि तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला समोर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. कारण तिचा धंदा काय होता? इस्पितळांत फिरून यंत्रं तपासायची. हृदयाचे ठोके मोजणारी, सलाइन सोडणारी, नवजात बाळांना ऊब देणारी. आणि त्या तपासणीतली पहिली गोष्ट कोणती, तर यंत्राच्या धातूतून वीज गळून रोग्याच्या अंगात तर जात नाही ना. दिवसातून दहा वेळा ती हे मोजते. पाच वर्षं हेच करतेय. आणि स्वतःच्या कुत्र्याने दीड महिना ओरडून सांगितलं तेव्हा तिने साखळी मनगटाला गुंडाळली होती.

---

शनिवारी सकाळी तिने मीटर आणला. लोखंडी खांब आणि गटाराची जाळी यांच्यात शून्य. दिवे बंद होते, शून्य येणारच होता. तिने वहीत शून्य लिहिलं, वेळ लिहिली.

रविवारी संध्याकाळी तिने आपला ढोल चुलतभावाकडे दिला. ती चिको वाजवायची. तिघांतला सगळ्यात लहान ढोल, त्याचा ठेका एकदा सुरू झाला की मुक्कामापर्यंत बदलायचा नाही. बाकीचे ढोल खेळतात, चिकोने खेळायचं नसतं.

"रांग सोडून कुठे चाललीस?" मिल्टननी विचारलं. पायात नेहमीच्या सुतळीच्या तळाच्या चपला होत्या. हिवाळ्यातही ते दुसरं काही घालत नसत. खांद्यावर प्यानो, म्हणजे तिघांतला सगळ्यात मोठा ढोल.

"मोजायला."

"काय मोजायला?"

"झालं की सांगते, पापा."

ढोल तापले. मिल्टननी नेहमीसारखी शेकोटीवर पाण्याची बादली ओतली, वाफ उठली, राख लाथेने सारखी केली आणि हात वर केला. चाळीस ढोल एकदम बोलले आणि ताफा समुद्राच्या दिशेने निघाला. पाणी ओतायचं आणि निघायचं, एक्कावन्न वर्षांचा हाच क्रम. मागे ओला फुटपाथ राहिला. जूनच्या, म्हणजे ऐन हिवाळ्याच्या, दमट हवेत ती ओल सकाळपर्यंत हटत नाही, आणि त्या ओलीवर रात्री अनवाणी चालतात ती फक्त फिरायला आणलेली कुत्री.

तिने बोनियातोची लांबी घरी मोजून ठेवली होती. पुढच्या पंजापासून मागच्या पंजापर्यंत बासष्ट सेंटिमीटर. मीटरची दोन टोकं तिने दोन पितळी चकत्यांना जोडली आणि ओल्या फरशीवर बासष्ट सेंटिमीटर अंतरावर ठेवली. सत्तेचाळीस व्होल्ट. चकत्या खांबापासून दूर नेल्या: एकोणतीस. कोरड्या फरशीवर: जवळजवळ काही नाही. खांब आणि गटाराची जाळी: एकशे नव्वद.

खांबाला अर्थिंग नव्हतं. आत कुठेतरी वायर लोखंडाला टेकली होती, आणि बाहेर पडायला विजेला वाट मिळत होती, ती ओल्या फरशीची. रबरी तळाच्या बुटांतून माणसांना काही कळत नव्हतं. अनवाणी चालणाऱ्यांना कळत होतं.

तिने ताबडतोब इमारतीच्या दारावरची वकीलबाईंची घंटी दाबली.

"वकीलबाई, तुमच्या दिव्यांचा स्विच बंद करा. आत्ता. खांबातून वीज फरशीत उतरतेय."

भिंतीवरच्या बोलण्याच्या जाळीतून आवाज आला: "सुनावणी बुधवारी आहे. जे सांगायचं ते तिथे सांगा."

"बाई, एखाद्या पोराने खांबाला हात लावला तर—"

"मला रविवारी रात्री धमकावू नका."

खट्.

ग्रिसेलने बेकरीतून दोन खुर्च्या मागून आणल्या, खांबांपुढे ठेवल्या, एकीला लाल फडकं बांधलं आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वीज. हात लावू नका. सोमवारी सकाळी खुर्च्या बेकरीच्या दारात ठेवलेल्या होत्या. फडकं नीट घडी घातलेलं. पुठ्ठा नव्हता. त्या घडीचा तिला इतका राग आला की तिने ते फडकं कचऱ्यात टाकलं, मग परत बाहेर काढलं आणि पुन्हा बांधायला गेली. मंगळवारी पुन्हा तेच.

---

"म्हणजे दिवे त्यांचे!" मिल्टननी टेबलावर हात आपटला, येर्बा चहाचा पेला उडाला. "शोभेचे दिवे! अगं पोरी, जिंकलो आपण! बुधवारी त्या बाईचा चेहरा बघायला मी पहिल्या रांगेत बसणार."

"वीज त्यांची," ग्रिसेल म्हणाली. "पाणी आपलं."

"काय?"

"कोरड्यावर काही होत नाही. आपण दर बुधवारी-रविवारी बादली ओततो, म्हणून कुत्री बुधवारी-रविवारी ओरडतात. तिचा तक्ता बरोबर आहे, पापा. कारण चुकलंय, पण तक्ता बरोबर आहे."

मिल्टननी थर्मासचं झाकण सावकाश फिरवून बंद केलं. "पाण्याचं तोंडातून काढायचं नाही."

"मी काढणार."

"का? त्यांनी विचारलंय? त्या बाईला एक बोट दिलंस की ती खांद्यापर्यंत नेईल. दिव्याचं सांग, पुरे."

"अर्धं सांगितलं तर तिच्यात आणि माझ्यात फरक काय?"

"फरक हा की तिच्याकडे नऊ मजले आहेत आणि आपल्याकडे एक फुटपाथ!" ते उठून उभे राहिले. "आणि मला एक सांग. पन्नास वर्षं मी त्या कोपऱ्यावर उभा आहे, या चपला घालून. मला कधी मुंगी चावली नाही. आणि तुझ्या त्या डबीत आकडा येतो, आणि मी तो मानायचा?"

"तू पाणी ओतून निघून जातोस. ओल्यावर तू उभाच राहत नाहीस."

"कुत्रा म्हातारा झालाय. एवढंच आहे."

"कुत्र्याला मी ओढलं," तिचा आवाज चढला, "दीड महिना तो सांगत होता आणि मी त्याला नेऊन सत्तेचाळीस व्होल्टवर उभं केलं. तू सांगितलंस म्हणून."

"मी सांगितलं," मिल्टन म्हणाले. "ओढलंस तू."

टेबलाखाली बोनियातो उठला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोपला.

---

समितीचे अध्यक्ष काब्रेरा मास्तर होते. निवृत्त शाळामास्तर. अर्ध्या वस्तीला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्यांना कान धरून उभं केलं होतं. क्लबच्या हॉलमध्ये ऐंशी-नव्वद माणसं होती. ताफा एका बाजूला, इमारत दुसऱ्या बाजूला, मध्ये रिकामी वाट.

वकीलबाई चांगल्या बोलल्या. तक्ता वाचला. लोलाला दोन महिने झोपेच्या गोळ्या द्याव्या लागतायत हे सांगताना त्यांनी काखेतल्या लोलाचे कान हाताने झाकले. "आणि सात वर्षं ढोलांखाली वाढलेला कुत्रा मालकिणीला चावतो, तेव्हा आणखी पुरावा काय हवा?"

ग्रिसेल उठली. वही उघडली. तिने तारखा वाचल्या, वेळा वाचल्या, आकडे वाचले. खांब, जाळी, बासष्ट सेंटिमीटर.

"आमचे दिवे नामांकित ठेकेदाराने बसवलेत," वकीलबाई म्हणाल्या. "प्रमाणपत्र आहे. आणि तुमच्याच आकड्यांप्रमाणे कोरड्या फरशीवर काही होत नाही. मग फरशी ओली कोण करतं?"

इमारतीच्या बाजूने कुजबूज झाली. पहिल्या रांगेतल्या मिल्टननी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला लहानपणापासून ठाऊक होती.

"आम्ही," ग्रिसेल म्हणाली. "शेकोटी विझवायला. ती चूक आमची, ती आजपासून बंद. आता तुमची सांगा."

ताफ्यातून कुणीतरी शिवी हासडली. ती कुणाला होती ते कळलं नाही.

काब्रेरा मास्तरांनी घड्याळ बघितलं. "पावणेसहा. दिवे लागले असतील. इथे बसून कुणाचं खरं ते ठरणार नाही. चला."

सगळा जमाव कोपऱ्यावर आला. दिवे लागले होते, पिवळा गोड उजेड. ग्रिसेलने बेकरीतून बादली आणली, पाणी ओतलं आणि सगळ्यांना मागे हटवलं. चकत्या ठेवल्या. मीटर मास्तरांपुढे धरला.

"त्रेचाळीस," मास्तरांनी वाचलं.

"यंत्र तुमचं, आकडा तुमचा," वकीलबाई म्हणाल्या. "त्यात मला काय दिसणार?"

ग्रिसेलच्या आत दीड महिना साठलेलं सगळं एकदम वर आलं. "मग बूट काढा."

"काय म्हणालात?"

"बूट काढा, मोजे काढा, आणि या ओल्यावर चार पावलं टाका. तुमच्या लोलाला रोज रात्री टाकायला लावता तेवढीच. माझं खोटं असेल तर थंडी वाजेल, बाकी काही नाही. कोपरा घेऊन टाका. मी स्वतः सही करते."

कुणी हललं नाही. इमारतीतला एक गृहस्थ स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. वकीलबाईंनी लोलाला छातीशी घट्ट धरलं आणि त्या खांबाकडे बघत राहिल्या, पहिल्यांदाच नीट.

"पुरे झाला तमाशा!"

मिल्टन होते. गर्दीतून कोपरं मारत पुढे आले, रागाने लाल. पोरीवर, बाईवर, त्या डबीवर. "पन्नास वर्षं! माझ्या फुटपाथवर मला कुणी डबी दाखवून—"

"पापा, नको! खांबाला हात—"

त्यांनी ओल्यात पाऊल टाकलं. लांब, तरातरा, ताफ्यापुढे चालतात तसं. चपलांचा सुतळी तळ पाणी पीत गेला. तिसऱ्या पावलाला त्यांचा गुडघा कुणीतरी मागून लाथ मारल्यासारखा वाकला आणि तोंडातून आवाज निघाला.

तोच आवाज. बोनियातोचा आणि लोलाचा. सत्तर वर्षांच्या, प्यानो वाजवणाऱ्या माणसाच्या तोंडून.

ते पुढे कलले. ग्रिसेलच्या पायात कामावरचे जाड रबरी बूट होते. तिने त्यांच्या कोरड्या लोकरी कोटाची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि ओढलं, फरफटत, टाचा घासत, कोरड्या फरशीपर्यंत. बोनियातोला ज्या ताकदीने ओढलं होतं, तेवढ्याच ताकदीने. यावेळी दिशा बरोबर होती.

"स्विच!" काब्रेरा मास्तर वर्गात ओरडत तसे ओरडले. इमारतीचा रखवालदार आत पळाला. दिवे गेले.

अंधारात मिल्टन फरशीवर बसले होते आणि पोटऱ्या चोळत होते. तिने त्यांची नाडी धरली, मोजली, ठीक होती. मोजून झाल्यावर तिने त्यांच्या ओल्या चपला काढून लांब ठेवल्या.

"मी हिला गोळ्या देत होते," वकीलबाई म्हणाल्या. कुणाला ते स्पष्ट नव्हतं. "दोन महिने. मी हिला रोज..." मग त्यांनी स्वतःला सावरलं. "पण मास्तर, मुळात पाणी ओतलंच नसतं तर—"

"तर पाऊस पडला असता!" ग्रिसेल वळली. "शुक्रवारी पडला, तुमच्या डोळ्यांदेखत पडला, आणि तुम्ही म्हणालात ढोल! मी रविवारी घंटी वाजवली. तुम्ही म्हणालात बुधवार. तीन दिवस, बाई! फडकं घडी घालायला वेळ होता तुम्हाला, स्विचपर्यंत जायला नव्हता!"

वकीलबाईंनी क्षमा मागितली नाही. लोलाचे पंजे हातात धरून त्या दारातून आत गेल्या आणि दार लोटलं गेलं.

काब्रेरा मास्तरांनी तिथेच, टॉर्चच्या उजेडात, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. अर्ज फेटाळला. दिवे अर्थिंग होऊन तपासणी होईपर्यंत बंद. ताफ्याने शेकोटी वाळूने विझवावी. कोपरा ताफ्याचा.

ताफ्याने आरोळी ठोकली. ग्रिसेल त्यात नव्हती. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि तिच्या डोक्यात एवढंच होतं की एकशे नव्वद व्होल्ट, साडेआठ आठवडे, आणि बोलता येणाऱ्यांपैकी एकालाही पत्ता नव्हता.

---

तीन आठवडे गेले. दिवे मेलेले होते, फरशी कोरडी होती, शेकोटीपाशी वाळूची पोती रचली होती. बोनियातो अंधार पडला की बेकरीपाशी थांबत होता.

त्या रविवारी ग्रिसेल त्याच्याशेजारी फुटपाथच्या कडेला बसली. साखळी तिने घरीच ठेवली होती. तीस पावलांवर ढोल तापत होते, उजेड भिंतीवर हलत होता. चिको चुलतभावाच्या खांद्यावर होता, तिसरा रविवार. बोनियातो उजव्या पुढच्या पंजाला चाटत होता. आता तिथे काहीही दुखत नव्हतं, हे तिला माहीत होतं, त्याला नव्हतं, आणि ते सांगायची कुठलीही भाषा तिच्याकडे नव्हती. मोजून दाखवता येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तिकडे काय बसलीस?" मिल्टन येत होते. खांद्यावर प्यानो, एका हातात फळाचं रिकामं खोकं, काखेत वर्तमानपत्रं. पायात नवे रबरी तळाचे बूट. चालताना त्यांचा राग दिसत होता.

"तो येत नाही, पापा."

"दिसतंय मला. आंधळा नाही झालो."

त्यांनी खोकं तिच्यापुढे आपटलं, पायाने मोडलं, कागद कोंबले आणि काडी ओढली. बेकरीवाली दारात आली, काहीतरी म्हणणार होती, त्यांचा चेहरा बघून आत गेली. ढोल त्यांनी आडवा करून कातडं आगीकडे धरलं.

"मिल्टन!" कोपऱ्यावरून कुणीतरी हाक मारली. "म्हातारबा! शेकोटी इथे आहे! भांडून घेतलेला कोपरा सोडून कुठे चाललास?"

"कोपरा माझाच आहे!" मिल्टन ओरडले. "मला वाटेल तिथे ढोल तापवीन! तुमच्या बापाचं काय जातं?"

कातडं तापलं तसं ते बोटांनी ठोकून आवाज बघत राहिले. बोनियातोने चाटणं थांबवलं. त्याने मिल्टनच्या नव्या बुटांचा वास घेतला आणि आगीकडे पाठ करून, दोघांपासून हातभर अंतरावर, अंग टाकलं. डोळे मात्र उघडेच होते, कोपऱ्याकडे.

"तुझा चिको घेऊन येतो," मिल्टन उठत म्हणाले. "तो गाढव ठेका मोडतोय."

"आज नको."

"मी विचारलं नाही," ते म्हणाले, आणि तीस पावलं चालत कोपऱ्याकडे गेले.